शिकाऊ उमेदवारी: घेणाऱ्याचा हिशेब आणि शिकणाऱ्याचा हिशेब

अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घ्यावा का, हा प्रश्न मालकाला पडतो. अप्रेंटिस म्हणून जावं का, हा प्रश्न नुकतंच शिक्षण संपवलेल्या मुलाला किंवा मुलीला पडतो. दोघांना मिळणारी माहिती मात्र एकमेकांपासून तुटलेली असते. मालकाला अनुदान, सवलत आणि कोटा सांगितला जातो, उमेदवाराला विद्यावेतन आणि प्रमाणपत्र. करार तर एकच असतो, आणि एका बाजूला जे जमा होतं ते पुष्कळदा दुसऱ्या बाजूला खर्ची पडलेलं असतं. म्हणून इथे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवले आहेत. मालकानं उमेदवाराची बाजूही वाचावी आणि उमेदवारानं मालकाची. समोरच्याचं गणित कळल्याशिवाय स्वतःचं नीट सुटत नाही.

आधी शब्द सरळ करून घेऊ

अप्रेंटिस, ट्रेनी, इंटर्न हे शब्द बोलताना सरमिसळ वापरले जातात आणि पहिली फसगत तिथेच होते. शिकाऊ उमेदवारी म्हणायला चार गोष्टी एकत्र लागतात: लेखी करार, कामाच्या जागी ठरवून दिलेलं शिक्षण, त्याला जोडून वर्गातलं शिक्षण, आणि शेवटी त्या कंपनीच्या बाहेरही मानली जाणारी पात्रता. यातली एक जरी गळली तरी उरतं ते काहीतरी दुसरंच असतं.

अमेरिकेतली नोंदणीकृत पद्धत १९३७ च्या कायद्यावर उभी आहे. तिथे तासांवर मोजल्या जाणाऱ्या कार्यक्रमात प्रत्यक्ष कामाचे किमान २,००० तास भरावे लागतात, आणि वर्गातल्या शिक्षणासाठी वर्षाला किमान १४४ तासांची शिफारस आहे. जर्मनीत आठवड्याचे तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यावसायिक शाळेत जातात, आणि व्यवसायानुसार दोन ते साडेतीन वर्षं लागतात. स्वित्झर्लंडमध्ये कंपनी आणि शाळा यांच्या जोडीला तिसरी जागा आहे: अनेक कंपन्यांचे उमेदवार एकत्र येऊन पायाभूत कौशल्यं शिकतात ती केंद्रं. तिथे सुमारे दोन तृतीयांश मुलंमुली शालेय शिक्षणानंतर व्यावसायिक शिक्षणाची वाट धरतात, आणि त्यातले बहुतेक जण ते कंपनीत काम करत करतच घेतात. म्हणजे ही वाट मार्क कमी पडलेल्यांसाठीच असते, असा जो समज असतो, तो तिथे तरी लागू पडत नाही.

ज्याला निवड करायची आहे त्याच्यासमोर बहुधा तीन पर्याय असतात. ते असे दिसतात:

| | इंटर्नशिप | शिकाऊ उमेदवारी | थेट नोकरी |
|---|---|---|---|
| मुदत | काही आठवडे ते काही महिने | बहुधा १ ते ४ वर्षं | ठरलेली नसते |
| शिकवण्याची जबाबदारी | सहसा कुणावरच नाही | करारानं मालकावर | कामापुरती |
| पैसे | कधी मिळतात, कधी नाही | कमी, पण टप्प्याटप्प्यानं वाढणारे | त्या कामाचा पूर्ण पगार |
| शेवटी हातात | अनुभवाचं पत्र | परीक्षा देऊन मिळवलेली पात्रता | अनुभव |
| मधेच तुटलं तर | थोडं नुकसान | मोठं, पण कुणाचं ते वेळेवर अवलंबून | दुसरी नोकरी लागेपर्यंतचं |

शेवटची ओळ माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. बाकीचं माहितीपत्रकात सापडतं.

पारडं कधी फिरतं

शिकाऊ उमेदवारी ही मुळात उसनवारी आहे. सुरुवातीला मालक देतो आणि उमेदवार घेतो, शेवटी उमेदवार देतो आणि मालक घेतो.

लेथवरचं, म्हणजे धातू कातायच्या मशीनवरचं, उदाहरण घेऊ. जो भाग कुशल कामगार वीस मिनिटांत काढतो, त्याला नवख्या उमेदवाराला तास लागतो. दोन तुकडे भंगारात जातात, आणि शेजारी उभं राहून दाखवणाऱ्या कामगाराचं स्वतःचं काम तेवढा वेळ थांबतं. या दिवसांत विद्यावेतन कितीही कमी असलं तरी मालक तोट्यात असतो, कारण खरा खर्च विद्यावेतनाचा नसतो. तो शिकवणाऱ्याच्या वेळेचा, मशीनच्या वेळेचा आणि वाया गेलेल्या मालाचा असतो. हा खर्च कुठल्याच रकान्यात वेगळा लिहिला जात नाही. त्यामुळे अनेक मालक अप्रेंटिस ‘स्वस्त’ पडेल असं धरून चालतात आणि तीन महिन्यांत वैतागतात.

मग हात बसायला लागतो. शेवटच्या वर्षात उमेदवार जवळजवळ कुशल कामगाराइतकं काम काढतो, आणि त्याला मिळणारे पैसे मात्र कुशल कामगाराच्या पगारापेक्षा बरेच कमी असतात. आधीची उधारी मालक इथे वसूल करतो. मधे कुठेतरी तो काळ येतो जेव्हा पारडं फिरतं. हिशेबाच्या किंवा स्वागतकक्षाच्या कामात ते लवकर फिरतं, कारण चूक दुरुस्त करता येते आणि काम लहान तुकड्यांत देता येतं. विमानाची देखभाल किंवा उच्च दाबाच्या वीजवाहिन्या अशा कामात उशिरा फिरतं, कारण तिथे उमेदवाराला एकट्यानं हात लावू देणं लवकर शक्यच नसतं.

याचा अभ्यास स्वित्झर्लंड आणि जर्मनी या शेजारी देशांत वर्षानुवर्षं झालेला आहे, आणि निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. सरासरी स्विस कंपनीचा खर्च शिकवण्याच्या मुदतीतच निघून येतो. सरासरी जर्मन कंपनीचा निघत नाही. व्यवसाय तेच, पद्धतही बरीचशी सारखी. फरक दोन गोष्टींत आढळला. स्विस कंपन्या उमेदवाराला खऱ्या, विकल्या जाणाऱ्या कामावर जास्त वेळ ठेवतात, आणि तिथलं उमेदवाराचं वेतन कुशल कामगाराच्या पगाराच्या तुलनेत कमी असतं. जर्मन कंपन्यांत सरावासाठीच्या कामावर जास्त वेळ जात असे. परिणामी जर्मन मालकाला उमेदवार पुढेही आपल्याकडे राहावा अशी गरज असते, कारण नवा माणूस शोधण्याचा आणि तयार करण्याचा वाचलेला खर्च हीच त्याची वसुली. स्विस मालकाचा उमेदवार परीक्षा देऊन दुसरीकडे गेला तरी त्याचं फारसं बिघडत नाही.

उमेदवारानं यातून काय घ्यायचं? मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारावा: मागच्या तुकडीतले किती जण इथेच कामाला आहेत? उत्तर ‘फारसे नाहीत’ असं आलं म्हणून लगेच पाठ फिरवायची गरज नाही. जिथे खऱ्या कामावर भरपूर शिकायला मिळतं आणि पात्रता बाहेर चालते, तिथून बाहेर पडणंही फायद्याचंच असतं. काळजी करायची ती वेगळ्या जागेची. ज्या ठिकाणी उमेदवार पहिल्याच महिन्यापासून मालकाला फायद्यात पडतो, तिथे शिकवणं चाललेलं नसतं. हेल्परचं काम अप्रेंटिसच्या नावाखाली करून घेणं चाललेलं असतं. सुरुवातीला मालकाचं काहीच जात नसेल, तर उमेदवाराच्या पदरातही काही पडत नाही. हा नियम मला आजवर खोटा ठरलेला दिसला नाही.

उमेदवाराची उधारी उलट वेळी बसते. पहिल्या वर्षी त्याचं नुकसान तुलनेनं कमी असतं: बिनकौशल्याच्या कामावर जे मिळालं असतं आणि विद्यावेतन म्हणून जे मिळतं, त्यातला फरक. शेवटच्या वर्षी मात्र तो कुशल माणसाचं काम करतो आणि शिकाऊ माणसाचे पैसे घेतो. नेमकं तेव्हाच बाहेरून कुणीतरी पूर्ण पगार देऊ करतं आणि सोडून जायचा मोह होतो. घरी पैशांची निकड असेल तर या मोहाला नावं ठेवता येत नाहीत. पण पात्रता हातात यायला सहा महिने उरलेले असताना जो सोडतो, तो सगळी वर्षं देऊन बसतो आणि कागद मागे ठेवतो.

करार मोडला तर

यावरून एक गोष्ट उघड होते. करार पहिल्या अर्ध्यात तुटला तर मालक बुडतो, दुसऱ्या अर्ध्यात तुटला तर उमेदवार. चांगले कायदे हे ओळखून लिहिलेले दिसतात.

जर्मनीच्या व्यावसायिक शिक्षण कायद्यात एक ते चार महिन्यांचा परखण्याचा काळ आहे आणि त्यात दोघांपैकी कुणीही बाजूला होऊ शकतो. तो संपल्यावर मालकाला गंभीर कारणाशिवाय उमेदवाराला काढता येत नाही. उमेदवाराला मात्र तो व्यवसायच सोडायचा असेल तर चार आठवड्यांची सूचना देऊन जाता येतं. वरवर हे एकतर्फी वाटतं. पण ज्याचं नुकसान उत्तरार्धात वाढत जातं त्याला उत्तरार्धात संरक्षण हवं, हा विचार मला पटतो. अमेरिकेत हा परखण्याचा काळ एकूण कार्यक्रमाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा किंवा एका वर्षापेक्षा, यातलं जे कमी असेल त्यापेक्षा, मोठा ठेवता येत नाही.

करार तुटतातही पुष्कळ. जर्मनीत एक चतुर्थांशाहून जास्त करार मुदतीआधी संपतात, पण त्यातले बरेच जण दुसऱ्या कंपनीत किंवा दुसऱ्या व्यवसायात शिक्षण पुढे चालू ठेवतात. इंग्लंडमध्ये अलीकडच्या वर्षांत दहापैकी चार किंवा त्याहून जास्त उमेदवारांनी कार्यक्रम पूर्ण केलेला नाही. अमेरिकेतही पूर्ण करणारे निम्म्याहून कमी आहेत. मालकानं हे आकडे स्वतःच्या हिशेबात धरावेत. चार उमेदवार घेऊन चारही शेवटपर्यंत टिकतील असं समजून आखणी केली तर ती कोलमडते.

गळती अडवायची खरी वेळ करारापूर्वीची. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो साधा उपाय: सही करण्याआधी एक आठवडा प्रत्यक्ष जागेवर बोलावणं. धूळ, आवाज, उभं राहून करायचं काम, सकाळची पाळी, ग्राहकाची चिडचिड, हे सगळं उमेदवाराला त्या आठवड्यात दिसतं. आणि न समजलेलं विचारण्याची त्याला सवय आहे का, हे मालकाला दिसतं. गुणपत्रिकेत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

शिकवणार कोण

मालकाच्या बाजूनं सर्वात जास्त दुर्लक्षित राहणारी बाब हीच. उमेदवार नेमला जातो, शिकवणारा नेमला जात नाही. ‘बघून बघून शिकेल’ असं म्हणून त्याला फोरमनच्या हाताखाली सोडलं जातं. फोरमनला उत्पादनाचं लक्ष्य तेवढंच असतं, त्यात कुणी सूट दिलेली नसते, मग उमेदवार त्याला अडथळा वाटतो. चहा आण, माल उचल, फरशी पूस, अशी कामं लागतात, आणि सहा महिन्यांनी मालक विचारतो की याला अजून काही येत कसं नाही.

जर्मनीत कंपनीला उमेदवार घ्यायचे तर शिकवणाऱ्या व्यक्तीकडे त्या कामाचं कौशल्य आणि शिकवण्याचं कौशल्य, दोन्ही असावं लागतं, आणि शिकवण्याच्या कौशल्यासाठी वेगळी परीक्षा आहे. प्रशिक्षणाच्या हेतूला धरून नसलेलं काम उमेदवाराला देऊ नये, असंही तिथला कायदा स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, उमेदवार घेण्याआधी मालकानं तीन गोष्टी लिहून काढाव्यात: शिकवणाऱ्याचं नाव, त्याच्या लक्ष्यात दिलेली सूट, आणि कुठल्या तिमाहीत उमेदवार कुठल्या विभागात असेल. लिहिताना हात अडला तर उमेदवार घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

उमेदवारानं हाच कागद मागावा. मागायला संकोच वाटतो, ठाऊक आहे. सही झाल्यावर मागायला त्याहून जास्त वाटतो.

पैसे कोण भरतो

विद्यावेतनाच्या रकमेपेक्षा त्याची चढण बघा. जर्मनीत २०२० पासून उमेदवारांसाठी किमान वेतन लागू झालं: त्या वर्षी सुरू होणाऱ्यांना पहिल्या वर्षी महिना ५१५ युरो, मग दुसऱ्या वर्षी त्यावर १८ टक्के, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के आणि चौथ्या वर्षी ४० टक्के जास्त. जसजसं काम वाढतं तसतशी उमेदवाराची उधारी कमी व्हावी, हा त्यामागचा अर्थ. सगळी वर्षं एकच रक्कम मिळणार असेल, तर शेवटचं वर्ष उमेदवाराला अवघड जाणार आणि गळती तिथेच होणार.

कायद्यानं दर्जा कोणता मिळतो, कामगाराचा की प्रशिक्षणार्थीचा, हेही तपासावं, कारण देशादेशांत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रिटनमध्ये उमेदवार नोकरीतच असतो. त्याच्यासाठी वेगळा, कमी किमान वेतनदर आहे, पण तो १९ वर्षांखालच्यांना किंवा पहिल्या वर्षातल्यांनाच लागू होतो. भारताच्या १९६१ च्या अप्रेंटिसेस कायद्यानं उमेदवार हा प्रशिक्षणार्थी मानला आहे, कामगार नाही. त्यामुळे सुरक्षा आणि कामाचे तास यांसारखी संरक्षणं त्याला मिळतात, पण कामगार कायद्यांतले इतर हक्क आपोआप मिळत नाहीत. त्याच कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या पट्ट्यात.

सक्तीबद्दल माझं मत थोडं सावध आहे. कोटा भरण्यासाठी घेतलेल्या उमेदवाराला कोटा भरल्यासारखंच वागवलं जाण्याचा धोका असतो. ब्रिटननं दुसरा मार्ग घेतला: एप्रिल २०१७ पासून ज्यांचा वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे त्यांच्याकडून ०.५ टक्के आकार घ्यायचा आणि तो प्रशिक्षणावरच खर्च करू द्यायचा. पैसा उभा राहिला. पण अनेक मोठ्या कंपन्यांनी तो आधीच नोकरीत असलेल्यांच्या वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांकडे वळवला आणि तरुण नवख्यांच्या जागा आकसल्या, अशी टीका झाली. डेन्मार्कची रीत मला अधिक न्याय्य वाटते. तिथे सगळे मालक एका निधीत भर घालतात, आणि उमेदवार शाळेत असतो त्या काळातल्या वेतनाची भरपाई त्याच्या मालकाला त्या निधीतून मिळते. जो शिकवत नाही, तोही शिकवणाऱ्याच्या खर्चाला थोडा हातभार लावतो.

‘शिकवलं आणि निघून गेला’

मालकांची ही सगळ्यात जुनी तक्रार, आणि ती खोटी नाही. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्यानं कसबाचे धंदे करायला सात वर्षांची उमेदवारी आवश्यक ठरवली होती. इतक्या लांब मुदतीत मालकाची वसुली होऊन वर उरत असे. १८१४ मध्ये ही तरतूद रद्द झाली. आता दोन-तीन वर्षांत काम संपतं, आणि शेजारचा कारखाना आयता तयार माणूस उचलतो.

याला उत्तर म्हणून बॉण्ड लिहून घेतला जातो: इतकी वर्षं राहा, नाहीतर पैसे भरा. उमेदवारानं हे कलम दोनदा वाचावं. जर्मन कायद्यात शिक्षण संपल्यानंतर उमेदवाराला नोकरीत बांधून ठेवणारी अट मुळात रद्दबातल आहे. शेवटच्या सहा महिन्यांत दोघांनी मिळून पुढच्या नोकरीचं ठरवलं तर गोष्ट वेगळी. उलट बाजूनं, नोकरी देण्याची सक्तीही बहुतेक ठिकाणी नसते. भारतातही प्रशिक्षण संपल्यावर कायम करणं मालकावर बंधनकारक नाही. ‘अप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी पक्की’ असं कुणी तोंडी सांगत असेल, तर ते करारात कुठे लिहिलं आहे ते दाखवायला सांगावं.

माझा अनुभव असा की बॉण्डपेक्षा शेवटच्या सहा महिन्यांतलं वागणं माणूस जास्त टिकवतं. परीक्षेच्या आधीच पुढचा पगार, पद आणि पाळी स्पष्ट सांगितली तर बरेच जण राहतात. निकालानंतर दोन महिने ‘बघू’ म्हटलं की चांगले आधी जातात.

कागदाची किंमत

इथे दोघांचे हितसंबंध खरोखर एकमेकांविरुद्ध जातात. मालकाला आपल्या मशीनवर, आपल्या पद्धतीनं काम करणारा माणूस हवा. ते कौशल्य बाहेर कमी चालतं म्हणून तो माणूस टिकतो. उमेदवाराला कुठेही चालेल असं कौशल्य हवं. बाहेरच्या परीक्षेनं ही ओढाताण सुटते. जर्मनीत अंतिम परीक्षा उद्योग किंवा हस्तव्यवसाय मंडळांच्या समित्या घेतात आणि त्या समितीत मालक, कामगार आणि शिक्षक यांचे प्रतिनिधी बसतात. शिकवणारी कंपनी स्वतःच पास करत नाही. जिथे कंपनीच शिकवते, कंपनीच तपासते आणि कंपनीच सही करते, त्या कागदाची किंमत कंपनीच्या फाटकापर्यंतच असते.

कुणी घ्यावा, कुणी जावं

छोट्या व्यावसायिकाला वाटतं की हे मोठ्या कंपन्यांचं काम. तसं नाही. पाच-सहा माणसांच्या वर्कशॉपमध्ये उमेदवार रोज वेगळं काम बघतो आणि उस्ताद शेजारीच असतो, हा मोठाच फायदा. अडचण असते ती सगळी कौशल्यं एकाच जागी नसण्याची आणि काम मंदावलं की उमेदवाराला सांभाळण्याची. ऑस्ट्रेलियात यासाठी गट-प्रशिक्षण संस्था आहेत: उमेदवार त्या संस्थेच्या नोकरीत असतो, आणि संस्था त्याला वेगवेगळ्या यजमान कंपन्यांत पाठवते. एकीकडे काम आटलं तर दुसरीकडे. अशी संस्था नसली तरी दोन-तीन ओळखीच्या व्यावसायिकांनी आपसात उमेदवार फिरवायचं ठरवलं तर निम्मी अडचण मिटते. मात्र ज्याला येत्या तीन महिन्यांची निकड भागवायला माणूस हवा आहे, त्यानं उमेदवार घेऊ नये. तयार कामगार घ्यावा, पूर्ण पगार द्यावा.

शिकणाऱ्यांपैकी, ज्याला हा व्यवसाय आवडेल का हेच ठाऊक नाही त्यानं आधी छोटी इंटर्नशिप करावी. ज्याच्या हातात काही वर्षांचं कसब आधीच आहे, त्यानं पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करू नये. अनेक ठिकाणी आधीचं कौशल्य तपासून मुदत कमी करून मिळते, ती मागावी. आणि ज्याच्या मिळकतीवर घर चालतं, त्यानं शेवटच्या वर्षाचा आकडा आधी मांडावा, पहिल्या वर्षाचा नाही.

जो जातो, त्यानं पहिल्या दिवसापासून स्वतःची कामाची वही ठेवावी: तारीख, काय केलं, कुणी दाखवलं, कुठे चुकलं. दर महिन्याला शिकवणाऱ्याची त्यावर सही घ्यावी. कंपनी बंद पडली, शिकवणारा बदलला किंवा करार मधेच तुटला, तर दुसऱ्या ठिकाणी शून्यापासून सुरू न करता पुढचं शिक्षण मागायला ही वही उपयोगी पडते. मालकानंही तिच्यावर सही करताना मागची चार पानं वाचावीत. आपला उमेदवार सहा आठवडे एकाच ड्रिलवर उभा आहे, हे त्याला बऱ्याचदा तिथेच पहिल्यांदा कळतं.